शुक्राच्या ढगांत नेमकं काय आहे? फॉस्फिन आणि त्याहून जुनी कोडी

प्रश्न एका पदवीच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "२०२० मध्ये शुक्रावर फॉस्फिन सापडल्याची बातमी आली, मग ते चुकीचं म्हणाले, आता पुन्हा आहे म्हणतात. शुक्राच्या ढगांत जीव आहे की नाही? आणि इतकी यानं जाऊन आली, तरी त्या वातावरणाबद्दल अजून काय कळायचं राहिलंय?"

आधी सरळ उत्तर देते. शुक्रावर फॉस्फिन हा वायू असल्याचं सिद्ध झालेलं नाही आणि ते पूर्ण निकालातही निघालेलं नाही. आज हातात असलेल्या मोजमापांवरून शुक्रावर जीव आहे असं म्हणण्याला आधार नाही. पण ग्रहांच्या वातावरणाच्या वर्णपटांवर (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मिळणाऱ्या पट्ट्यांवर) इतकी वर्षं काम केल्यावर माझं ठाम मत असं आहे, की फॉस्फिनच्या गदारोळात शुक्राची खरी मोठी कोडी झाकली गेली. ती जास्त जुनी आहेत, एकमेकांत गुंतलेली आहेत आणि बहुतेकांचा धागा गंधकापाशी जातो. म्हणून फॉस्फिनकडे मी थोड्या वळणाने येणार आहे.

पार्श्वभूमी पटकन सांगून टाकते. शुक्र आकाराने जवळपास पृथ्वीएवढा. हवेत ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड, साडेतीन टक्के नायट्रोजन, बाकी सगळं चिमूटभर. जमिनीवर तापमान साधारण ४६५ अंश सेल्सिअस, दाब पृथ्वीच्या ९२ पट. साधारण ४८ ते ७० किलोमीटर उंचीवर गंधकाम्लाच्या बारीक थेंबांचे ढग, संपूर्ण ग्रहाला वेढून. आपल्याला पहाटे किंवा संध्याकाळी जो झगझगीत शुक्र दिसतो तो या ढगांचा वरचा पृष्ठभाग. ढग गंधकाम्लाचे आहेत हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं, तेही यान न पाठवता. शुक्रावरून येणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण तपासून थेंबांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) १.४४ च्या आसपास आणि त्रिज्या सुमारे एक मायक्रोमीटर निघाली. तीव्र गंधकाम्लाशी हे जुळलं, पाण्याशी जुळलं नाही.

आता पहिलं कोडं, माझ्या मते सगळ्यांत मोठं. साध्या डोळ्याला किंवा साध्या दुर्बिणीतून शुक्र कोरा दिसतो. अतिनील प्रकाशात फोटो काढला की त्याच ढगांवर गडद पट्टे उमटतात, कधी कधी आडव्या पडलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार दिसतो. माउंट विल्सनवरून फ्रँक रॉस यांनी १९२७ मध्ये असे फोटो घेतले. म्हणजे हे डाग माहीत होऊन शंभर वर्षं होत आली. ते कशामुळे गडद दिसतात, याचं सर्वमान्य उत्तर आजही नाही.

थोडं नीट पाहू. ३२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीला जे शोषण दिसतं त्याचं कारण माहीत आहे: सल्फर डायऑक्साइड. पण शोषण तिथे थांबत नाही. ते ३२० पासून ४०० नॅनोमीटरपर्यंत आणि थोडं निळ्या प्रकाशातही पसरलेलं आहे. तिथे सल्फर डायऑक्साइडचा उपयोग नाही. दुसरंच काहीतरी प्रकाश खातंय, आणि त्याला कुठलीही टोकदार वर्णरेषा (ठरावीक तरंगलांबीला पडणारी अरुंद खाच) नाही, फक्त एक रुंद उतार आहे. ओळख पटवण्यातली खरी अडचण ही. टोकदार रेषा असती तर प्रयोगशाळेतल्या वर्णपटाशी ताडून एका दुपारात पदार्थ सांगता आला असता. रुंद उताराशी मात्र अर्धा डझन पदार्थ बऱ्यापैकी जुळतात, आणि तंतोतंत एकही जुळत नाही.

उमेदवारांची यादी मोठी आहे. गंधकाच्या अणूंच्या लांब साखळ्या. फेरिक क्लोराइड; त्याच्या बाजूने एक मुद्दा असा, की व्हेनेरा आणि वेगा या सोव्हिएत यानांच्या क्ष-किरण उपकरणांना ढगांच्या कणांत गंधकासोबत क्लोरीन आणि लोहाच्या खुणा मिळाल्या होत्या. सल्फर मोनॉक्साइडचे दोन रेणू जोडून बनणारा डायमर हा उमेदवार २०१६ मध्ये जोरात होता. २०२४ मध्ये केंब्रिजच्या गटाने गंधकाम्लात लोहाची सल्फेटं मिसळून प्रयोगशाळेत वर्णपट घेतला आणि तो बऱ्यापैकी जुळवून दाखवला. मला व्यक्तिशः लोहाची बाजू भक्कम वाटते, कारण तिथे प्रयोगशाळेतलं मोजमाप आणि ढगातलं जुनं मोजमाप एकाच दिशेला बोट दाखवतात. पण ढगांच्या वरच्या थरांत लोह इतक्या प्रमाणात पोहोचतं कसं आणि टिकतं कसं, हा प्रश्न तसाच उरतो.

या डागांना नुसती रंगाची गंमत समजू नका. शुक्र सूर्याची जितकी ऊर्जा शोषतो त्यातली जवळपास निम्मी या अनोळखी पदार्थामुळे ढगांच्या वरच्या भागात शोषली जाते. पृथ्वीवर ऊन प्रामुख्याने जमीन आणि समुद्र तापवतं. शुक्रावर ढग तापतात. हा पदार्थ कमीजास्त झाला की ग्रहाचं हवामान हलतं. आणि तो कमीजास्त होतोच. युरोपचं व्हीनस एक्स्प्रेस, जपानचं अकात्सुकी, नासाचं मेसेंजर ही यानं आणि हबल दुर्बीण यांची निरीक्षणं एकत्र करून असं दिसलं, की २००६ ते २०१७ या काळात ३६५ नॅनोमीटरला शुक्राची परावर्तनक्षमता जवळपास निम्म्यावर आली आणि नंतर पुन्हा सावरली. त्याबरोबर ढगांतली उष्णता आणि वाऱ्यांचा वेगही बदलला. पृथ्वीची परावर्तनक्षमता दहा वर्षांत इतकी बदलली असती तर काय झालं असतं याचा विचार करा.

आता इथून गंधकाच्या हिशोबाकडे. ढगांच्या खाली सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण दर दहा लाख भागांत साधारण १५० आहे. ढगांच्या माथ्यावर तेच प्रमाण दर अब्जात दहा-वीस ते काही शे इतकंच. म्हणजे वीस किलोमीटर जाडीच्या ढगांतून वर जाताना ते शेकडो ते हजारो पटींनी घटतं. पाठ्यपुस्तकात याचं सोपं कारण दिलेलं असतं: सूर्यप्रकाश आणि पाणी यांच्या मदतीने त्याचं गंधकाम्ल होतं, त्याचेच ढग बनतात.

कागद घेऊन गणित करून बघा. गंधकाम्लाच्या एका रेणूला पाण्याचा एक रेणू लागतो. ढगांखाली पाण्याची वाफ आहे दर दहा लाखात साधारण ३०. सल्फर डायऑक्साइड १५०. सगळं पाणी खर्ची घातलं तरी १५० मधले ३० संपतील, १२० उरायला हवेत. प्रत्यक्षात वर जवळपास काहीच उरत नाही, आणि पाणीही पूर्ण संपलेलं दिसत नाही. हिशोब लागत नाही. वातावरणाच्या संगणकीय प्रतिकृती बनवणारे लोक यातून वाट काढतात ती एकतर ढगांतलं वायूंचं वर चढणं हवं तसं मंद धरून, किंवा थेंबांत आम्ल निष्प्रभ करणारे क्षार आहेत असं मानून. क्षारांची कल्पना २०२१ मध्ये आली. ती मला आवडते, कारण ती तपासता येण्यासारखी आहे: थेंबांत क्षार असतील तर त्यांची आम्लता मोजल्यावर कळेल. पण आजपर्यंत कोणीही शुक्राच्या थेंबाची आम्लता तिथे जाऊन मोजलेली नाही.

हिशोब स्थिर असता तरी एक वेळ चाललं असतं. १९७८ मध्ये नासाचं पायोनियर व्हीनस पोहोचलं तेव्हा ढगमाथ्यावर सल्फर डायऑक्साइड भरपूर होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो जवळपास दहापटीने घटला. २००६ मध्ये व्हीनस एक्स्प्रेस पोहोचलं तेव्हा पुन्हा वाढलेला, आणि २०१२ पर्यंत पुन्हा बराच खाली. पहिली शंका अर्थातच ज्वालामुखीवर जाते. १९९१ च्या मॅजेलन रडारच्या जुन्या प्रतिमांत एका ज्वालामुखीचं मुख आठ महिन्यांत बदललेलं २०२३ मध्ये दाखवलं गेलं, त्यामुळे शुक्र आजही जागा आहे हे आता बऱ्यापैकी मान्य आहे. पण दुसरी शक्यता तितकीच तगडी: खाली सल्फर डायऑक्साइडचा प्रचंड साठा आहे, वातावरणाच्या अभिसरणात थोडा फरक पडला तरी वर येणाऱ्या वायूचं प्रमाण हलेल. त्याला उद्रेकाची गरज नाही. केवळ वरून बघून या दोहोंत फरक करता येत नाही.

एवढं मनात ठेवून फॉस्फिनकडे येऊ, कारण त्या वादातही सल्फर डायऑक्साइड मध्ये उभा आहे.

फॉस्फिन म्हणजे फॉस्फरसचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू. आपल्याकडे धान्याच्या कोठारात कीड मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्यांतून निघणारा विषारी वायू तो हाच. गुरू आणि शनीवर तो आपोआप बनतो, कारण तिथे हायड्रोजन अमाप आहे आणि खोलवर उष्णता आहे. शुक्रासारख्या ऑक्सिजनने बांधलेल्या रसायनांच्या जगात तो बनायला आणि टिकायला नको. असलाच तर काहीतरी, कदाचित जीव, तो सतत बनवत असावं. म्हणून १४ सप्टेंबर २०२० ला जेन ग्रीव्हज आणि सहकाऱ्यांनी दर अब्जात २० भाग फॉस्फिन असल्याचं जाहीर केलं तेव्हा खळबळ उडाली. हवाईमधल्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीची २०१७ ची आणि चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाची २०१९ ची निरीक्षणं त्यामागे होती.

मोजमाप काय होतं ते जवळून पाहा, कारण बातम्यांत हा भाग गळला. २६६.९४ गिगाहर्ट्झला फॉस्फिनची एक रेषा आहे. शुक्र स्वतः या लहरींत अतिशय तेजस्वी. त्या तेजात रेषेमुळे पडणारी खाच दहा हजारात एक-दोन भागांची. ढोलताशाच्या पथकात उभं राहून मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखं हे काम आहे. इतक्या तेजस्वी स्रोताकडे बघताना दुर्बिणीतच परावर्तनं होतात आणि वर्णपटावर लाटा उमटतात, त्यांची उंची खाचेपेक्षा जास्त असू शकते. त्या लाटा काढून टाकायला मूळ गटाने बाराव्या घाताची बहुपदी (अनेक वळणं घेऊ शकणारी गणिती वक्ररेषा) बसवली. इतकी लवचीक बहुपदी घेतली की ती लाटाही काढते आणि हव्या तिथे खाचही बनवू शकते. दुसऱ्या एका गटाने तीच पद्धत वापरून दाखवलं, की जिथे कुठलीच रेषा नसायला हवी तिथेही "रेषा" सापडतात. पुढे आल्माच्या अंशांकनातच (उपकरणाची मोजपट्टी जुळवण्यातच) दोष निघाला, माहिती पुन्हा तपासली गेली आणि मूळ गटाचाही आकडा एक-अंकी झाला.

आणि मग शेजारी. फॉस्फिनच्या रेषेला अगदी लागून सल्फर डायऑक्साइडची एक रेषा आहे, इतकी जवळ की शुक्राच्या हवेत दोन्ही मिसळून जातात. ढगांच्या वर पुरेसा सल्फर डायऑक्साइड असेल तर ती खाच त्याचीच असू शकते. ती वेगळी काढायची तर त्याच वेळी, शुक्राच्या त्याच भागावर सल्फर डायऑक्साइड किती होता ते माहीत हवं. वर सांगितलंच, तो वर्षागणिक कित्येक पटींनी बदलतो. दिवसागणिक आणि जागेनुसारही. गंधकाचा हिशोब लागल्याशिवाय फॉस्फिनचा निकाल लागत नाही, असं मी म्हणते ते यामुळे.

नंतर विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीतून फॉस्फिनच्या दुसऱ्या रेषा शोधल्या गेल्या. २०२२ मध्ये त्या गटाने ०.८ अब्जांशाच्या वर काही नाही असं जाहीर केलं. मूळ गटाने तीच माहिती घेऊन एक ते तीन अब्जांश काढले. अवरक्त निरीक्षणांत काही आढळलं नाही. दुसऱ्या बाजूला पायोनियर व्हीनसच्या वस्तुमान वर्णपटमापकाच्या (वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या उपकरणाच्या) १९७८ च्या नोंदी पुन्हा चाळून राकेश मोगल आणि संजय लिमये यांच्यासह एका गटाने फॉस्फिनशी जुळणाऱ्या खुणा दाखवल्या. माझं मत विचाराल तर एकाच रेषेवर उभा असलेला दावा मी धरत नाही. त्याच रेणूची दुसरी रेषा, दुसऱ्या दुर्बिणीने, दुसऱ्या हातांनी काढलेली हवी. ती येईपर्यंत मी "नाही" म्हणणार नाही, "आहे" तर नाहीच.

जीवाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण प्रश्नात ती आहे. ढगांत जीव असावा ही कल्पना नवी नाही, १९६७ मध्ये कार्ल सेगन आणि हॅरॉल्ड मोरोविट्झ यांनी ती मांडली होती. २०१८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे संजय लिमये आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की त्या अनोळखी अतिनील शोषकाचा वर्णपट काही जिवाणूंच्या वर्णपटासारखा आहे. शुक्राच्या वातावरणावर लिमयांचं काम अनेक दशकांचं आहे, कल्पना फेटाळण्याआधी मूळ लेख वाचण्यासारखा आहे. ५० ते ६० किलोमीटर उंचीवर तापमान आणि दाब खरंच सुसह्य आहेत. अडतं ते पाण्यापाशी. थेंबांत पाणी असलं तरी ते गंधकाम्लाने धरून ठेवलेलं. पृथ्वीवरच्या सगळ्यांत चिवट जीवाला जगायला जलक्रियता (वापरता येणाऱ्या मोकळ्या पाण्याचं माप) किमान ०.५८५ लागते, २०२१ च्या हिशोबाप्रमाणे शुक्राच्या ढगांत ती ०.००४ किंवा त्याहून कमी. शंभरपटीहून जास्त तफावत. थेंबांच्या रसायनाबद्दल आपली समजूत मुळातून बदलली तरच ही भिंत पडेल.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर मला सर्वांत प्रिय असलेलं मोजमाप सांगते. डिसेंबर १९७८ मध्ये पायोनियर व्हीनसचं मोठं शोधयान ढगांतून खाली येत होतं. वस्तुमान वर्णपटमापकाच्या हवा आत घेणाऱ्या बारीक नळीवर गंधकाम्लाचा थेंब बसला आणि सुमारे ५० किलोमीटर उंचीवर ती तुंबली. ३० किलोमीटरच्या आसपास उष्णतेने थेंब उडून जाईपर्यंत उपकरण बाहेरची हवा घेऊच शकलं नाही. पण त्या वेळात ते थेंबातूनच सुटणारी वाफ मोजत होतं. त्या वाफेत जड पाण्याचं प्रमाण इतकं होतं की शुक्रावर ड्यूटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, साध्या हायड्रोजनशी गुणोत्तर पृथ्वीच्या शंभरेक पट निघालं. आजचा आकडा १५० पटींच्या जवळ आहे. हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो, जड मागे राहतो. एकेकाळी शुक्रावर आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी होतं, याचा हा सर्वांत भक्कम पुरावा. ते पाणी महासागर बनून साचलं होतं की कायम वाफेच्याच रूपात होतं, यावर मात्र दोन तट आहेत. हायड्रोजन नेमका कुठल्या वाटेने निसटला हेही नीट ठरलेलं नाही. २०२४ मध्ये कोलोराडोच्या गटाने एक नवी अभिक्रिया सुचवली, तिने ऱ्हासाचा वेग दुप्पट होतो. तिच्यात लागणारा आयन (विद्युतभारित कण) शुक्रावर अजून कोणत्याही यानाने मोजलेला नाही, कारण तो मोजायचं उपकरणच कोणी नेलं नव्हतं.

आता वारा. शुक्र स्वतःभोवती एक फेरी मारायला २४३ दिवस घेतो, तीही उलट दिशेने. विषुववृत्तावर जमिनीचा वेग तासाला साडेसहा किलोमीटर. ढगांच्या माथ्यावरची हवा मात्र तासाला सुमारे ३६० किलोमीटर वेगाने, साधारण चार दिवसांत ग्रहाला प्रदक्षिणा घालते. याला सुपररोटेशन म्हणतात. चार दिवसांचा हा फेरा पहिल्यांदा पकडला तो चार्ल्स बॉयर यांनी, १९५७ पासून काँगोमधल्या ब्राझाव्हिलमध्ये. ते व्यवसायाने न्यायाधीश, खगोलशास्त्र हा छंद. खगोलशास्त्रज्ञ आंरी कामिशेल यांच्यासोबत त्यांनी अतिनील फोटो ताडून पाहिले आणि गडद खुणा चार दिवसांनी परत येतात हे दाखवलं. त्यावर फार कोणाचा विश्वास बसला नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये नासाचं मरिनर-१० यान जवळून गेलं आणि बॉयर बरोबर ठरले.

घर्षणाने हा वारा मंदावायला हवा. मंदावत नाही, म्हणजे कोणीतरी त्याला सतत ढकलतंय. जपानच्या अकात्सुकी यानाच्या निरीक्षणांवरून २०२० मध्ये उत्तराचा एक मोठा भाग हाती आला: ढग दिवसा तापतात, रात्री निवतात, त्यातून उठणाऱ्या औष्णिक भरतीच्या लाटा विषुववृत्ताजवळ वाऱ्याला बळ पुरवतात. म्हणजे पुन्हा तोच अनोळखी शोषक, कारण ढग तापवतो तोच. पण हे उत्तर ढगमाथ्यापुरतं आहे. वाऱ्याचा सगळ्यात जास्त कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) २० किलोमीटरच्या आसपास आहे, कारण तिथे हवा दाट आहे, आणि तिथली मोजमापं मूठभर शोधयानांनी उतरता उतरता घेतलेली.

अकात्सुकीबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर २०१० मध्ये मुख्य इंजिन बिघडून ते शुक्राला चुकवून पुढे गेलं. पाच वर्षं सूर्याभोवती फिरवून, दिशा सांभाळायच्या छोट्या इंजिनांवर ७ डिसेंबर २०१५ ला त्याला कक्षेत आणलं. आणि त्याच पहिल्या दिवसांत त्याने ढगांच्या माथ्यावर उत्तर-दक्षिण दहा हजार किलोमीटर पसरलेली एक धनुष्याकृती लाट पाहिली, जी त्या सुसाट वाऱ्यात जागची हलत नव्हती. खाली ॲफ्रोडाइटी टेरा हा उंच प्रदेश होता. डोंगरावर आदळणाऱ्या वाऱ्याची लाट ६५ किलोमीटर वर दिसते, याची कोणालाही अपेक्षा नव्हती. डोंगर आणि हवा यांच्यातली ही ओढाताण इतकी खरी आहे, की शुक्राच्या दिवसाची लांबीच बदलते. २०२१ मध्ये रडारच्या पंधरा वर्षांच्या मोजमापांतून सरासरी २४३.०२२६ दिवस निघाली, आणि तिच्या आजूबाजूला सुमारे २० मिनिटांपर्यंतचे चढउतार.

विजेबद्दल थोडक्यात: शुक्रावर वीज कडाडते की नाही, हे नक्की नाही. व्हेनेरा आणि पायोनियर व्हीनसला रेडिओ खुणा मिळाल्या. १९९८ आणि १९९९ मध्ये शनीकडे निघालेलं कॅसिनी यान जवळून गेलं तेव्हा विजेचा खणखणीत रेडिओ आवाज मिळाला नाही. अकात्सुकीने खास कॅमेऱ्याने वर्षानुवर्षं पाहून २०२० मध्ये एक लखलखाट टिपला, तो उल्काही असू शकतो. मला वाटतं, असली तरी पृथ्वीसारखी नाही.

तळाकडे मात्र थांबायला हवं, कारण तिथलं कोडं सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. पायोनियर व्हीनसची चार शोधयानं ९ डिसेंबर १९७८ ला शुक्रावर चार वेगवेगळ्या ठिकाणी उतरली. चारही यानांचे तापमान मोजणारे संवेदक साधारण १२ किलोमीटर उंचीवर बंद पडले. परिणामी जमिनीलगतच्या थराचं तापमान नीट मोजणारं एकच यान उरलं, जून १९८५ चं सोव्हिएत वेगा-२. त्याच्या नोंदीत शेवटच्या सात किलोमीटरांत तापमान इतक्या वेगाने वाढतं की तसा थर क्षणभरही टिकायला नको. तळाची हवा उसळून वर जायला हवी.

२०१७ मध्ये सेबास्तियाँ लेबोन्वा आणि जेराल्ड शुबर्ट यांनी वेगळाच मार्ग सुचवला: तळाशी नायट्रोजन कमी कमी होत जातो असं मानलं तर हवा खाली जड होते आणि थर स्थिर राहतो. सात किलोमीटरवर साडेतीन टक्के, जमिनीवर जवळपास शून्य. दोन वायू एकत्र मिसळल्यावर आपोआप वेगळे होत नाहीत, हे आपण शाळेत शिकतो. पण शुक्राच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड वायूही नाही, द्रवही नाही. ३१ अंश आणि सुमारे ७३ वातावरण दाबाच्या पलीकडे तो अतिक्रांतिक अवस्थेत जातो. घनता पाण्याच्या साडेसहा टक्के. त्या अवस्थेतलं मिश्रण कसं वागतं हे प्रयोगशाळेत अजून ठामपणे दाखवता आलेलं नाही. वरच्या बाजूला आणखी एक धागा: मेसेंजर यान बुधाकडे जाताना २००७ मध्ये शुक्राजवळून गेलं, त्याच्या न्यूट्रॉन मोजमापांतून ६० ते १०० किलोमीटरच्या पट्ट्यात नायट्रोजन ५ टक्के निघाला. साडेतीन टक्के सगळीकडे सारखा, हे पुस्तकातलं वाक्य त्यामुळे डळमळलं आहे. ग्रहाच्या हवेतला दुसऱ्या क्रमांकाचा वायू किती आहे, इतका हा मूलभूत प्रश्न.

ही सगळी कोडी अडून आहेत ती एकाच कारणाने. जून १९८५ मध्ये वेगाची दोन अवतरण यानं आणि दोन फुगे गेले. फुगे ५४ किलोमीटरवर तरंगत प्रत्येकी ४६ तासांहून जास्त माहिती पाठवत होते. त्यानंतर शुक्राच्या ढगांत किंवा ढगांखाली एकही उपकरण गेलेलं नाही. चाळीस वर्षांत वर्णपटमापक कुठल्या कुठे गेले, आणि आपण मात्र तुंबलेल्या नळीची जुनी नोंद पुन्हा पुन्हा चाळतोय.

पुढे नासाचं दाविंची वातावरणातून खाली उतरत वायू मोजणार आहे, युरोपचं एन्व्हिजन आणि नासाचं व्हेरिटास कक्षेतून काम करतील. तारखा २०३० च्या दशकाच्या आहेत आणि सरकत असतात. भारताच्या शुक्र मोहिमेला १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली, प्रक्षेपणाचं लक्ष्य मार्च २०२८. ते कक्षेत फिरणारं यान आहे. ते थेंब चाखणार नाही. पण अकात्सुकीशी २०२४ मध्ये संपर्क तुटल्यापासून शुक्राभोवती कोणाचंही यान नाही, आणि सल्फर डायऑक्साइड किंवा अतिनील डागांची सलग नोंद खंडित झाली आहे. ती साखळी पुन्हा जोडण्याचं मोल मी फार मोठं मानते.

तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून शेवटी कामाचं सांगते. व्हीनस एक्स्प्रेस आणि अकात्सुकीची माहिती युरोपीय आणि जपानी अवकाश संस्थांच्या संग्रहांत सर्वांसाठी खुली आहे. थोडं पायथन येत असेल तर अकात्सुकीच्या ३६५ नॅनोमीटरच्या दोन प्रतिमा काही तासांच्या अंतराने घ्या, एकच गडद खूण दोन्हींत शोधा आणि वाऱ्याचा वेग स्वतः काढा. सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास यायला हवा. हाताशी आठ इंची परावर्ती दुर्बीण आणि कृष्णधवल कॅमेरा असेल तर ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील फिल्टर लावून शुक्राचे डाग घरूनही टिपता येतात. भिंगाची दुर्बीण घेऊ नका, काच अतिनील प्रकाश अडवते. शुक्र क्षितिजापासून शक्य तितका उंच असताना घ्या, आणि तो सूर्याच्या जवळ असेल त्या दिवसांत दुर्बीण त्या बाजूला वळवूच नका. चार दिवसांच्या अंतराने घेतलेले फोटो शेजारी ठेवा. काही शंका आली तर फोटो आणि वेळेच्या नोंदींसकट विचारा, त्यावर बोलायला मला आवडेल.